मलावी सिक्लिडच्या टाकीत छोटे कॅटफिश: कॉरी, सकर की सिनोडोंटिस?

निळंपाणी (ठाणे)

टाकी ४ बाय दीड बाय दीड फूट. दगड आणि वाळूची जागा वजा जाता पाणी साधारण २०० लिटर. ६ येलो लॅब, ५ रस्टी, ४ रेड झेब्रा, सगळे म्बुना (मलावीच्या दगडांत राहणारे सिक्लिड), अडीच ते तीन इंची. पाणी पालिकेचं: टीडीएस (विरघळलेले क्षार) ८० च्या आसपास, पीएच ७.२, केएच (पीएच टिकवणारे कार्बोनेट) २, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कठीणपणा) ३. तापमान २७. १२०० लिटर/तासाचा एकच टॉप फिल्टर. आठवड्याला ३० टक्के पाणी बदलतो, क्लोरीन मारायला हायपो टाकूनच.

दगडांच्या मागे विष्ठा आणि उरलेलं खाद्य साचतं. दुकानदार म्हणतो सहा कॉरी सोडा, नाहीतर दोन सकर, तळ आरशासारखा राहील. नेटवर बघितलं तर सगळे सिनोडोंटिस म्हणतात. या टाकीत नक्की काय चालेल, किती, आणि आधी काय तयारी करावी लागेल?

दगडधोंडे

आधी घाणीचं बोलू, कारण मूळ गफलत तिथे आहे. विष्ठा खाणारा कॅटफिश नसतो. उरलेलं खाद्य तो खाईल, पण मग त्याचीही विष्ठा त्याच टाकीत पडणार. दगडांमागे साचतंय याचा अर्थ तिथे पाणी फिरत नाही. टॉप फिल्टर पाणी वरून उचलतो आणि वरच सोडतो, तळाशी काही हलत नाही. २०० लिटर मलावीला तासाला पाण्याच्या किमान आठपट फिल्ट्रेशन हवं, म्हणजे १६०० लिटर. तुमच्या १२०० च्या पंपातून मीडिया (गाळणीचं साहित्य) भरल्यावर आणि पाणी वर चढवल्यावर प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी निघतं. एक कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, जोडा, त्याचा इनटेक तळापासून दोन इंचांवर ठेवा. समोरच्या कोपऱ्यातून एक छोटा वेव्हमेकर (पाणी ढकलणारा पंप) दगडांच्या मागच्या बाजूने मारा, म्हणजे घाण आपोआप इनटेककडे सरकेल. दगडांची रास मागच्या काचेला चिकटवू नका, दोन-तीन इंच फट सोडा. निम्मा प्रश्न इथेच सुटतो, एकही मासा न आणता.

आता दुकानदाराचे दोन पर्याय. सकर म्हणजे टेरिगोप्लिक्थिस. दुकानात दोन इंची दिसतो, पुढे सव्वा-दीड फूट होतो. चार फुटी टाकीत त्याला नीट वळताही येत नाही. मोठा झाल्यावर लोक तो तळ्यात नाहीतर नदीत नेऊन सोडतात, आणि देशात कित्येक ठिकाणी त्याने स्थानिक मासेमारीची वाट लावली आहे. विषय संपला.

कॉरी मासा छान, पण तुमच्या टाकीसाठी नाही. तो दक्षिण अमेरिकेतला, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातला, स्वभावाने बावळट. म्बुना अंगावर आला तर पळून बिळात शिरायचं हे त्याला कळत नाही, तो तिथेच वाळू उकरत बसतो. आधी शेपूट जाते, मग मिशा, मग डोळे. शिवाय कॉरीच्या छातीच्या पराचा आणि पाठीच्या पराचा काटा ताठ होऊन लॉक होतो. मोठ्या सिक्लिडने गिळायचा प्रयत्न केला की तो घशात अडकतो आणि दोघेही जातात. ऑस्करच्या टाक्यांमध्ये हे नेहमीचं आहे. बाजारातून आणलेला शिंगाळा साफ करताना ज्याला काटा बसलाय, त्याला हे वेगळं समजवायला नको.

तुमच्यासाठी उत्तर: सिनोडोंटिस ल्युसिपिनिस, पाच नग. एक किंवा दोन आणू नका, दिवसभर बिळात बसतील आणि तुम्हाला वाटेल मेले. तीनमध्ये एक दादागिरी करतो आणि उरलेल्या दोघांना खाऊ देत नाही. पाच असले की दादागिरी सगळ्यांत विभागली जाते आणि ते दिवसाही बाहेर फिरतात.

ठिपकेवाला

दगडधोंडेंशी सहमत, फक्त नावाबद्दल सावध करतो. दुकानात हा मासा "पेट्रिकोला" किंवा "ड्वार्फ पेट्रिकोला" म्हणून मिळतो. पेट्रिकोलाचं वर्णन १९५९ चं आहे, ल्युसिपिनिस २००६ साली वेगळी जात म्हणून नोंदवली गेली. दोघेही टांगानिका सरोवरातले. बाजारातला बुटका बहुतेक वेळा ल्युसिपिनिसच असतो. तो ८ ते १० सेंटिमीटरवर थांबतो, पेट्रिकोला थोडा मोठा होतो. ओळखायची खूण म्हणजे परांवरच्या काळ्या त्रिकोणाच्या बुडाशी ल्युसिपिनिसला फिकट, खिडकीसारखा भाग असतो, पेट्रिकोलाला तो नसतो. दोघांपैकी कुठलाही आला तरी तुमचं बिघडत नाही.

बिघडतं ते दुसऱ्याच माशांनी. नुसतं "सिनोडोंटिस" म्हणून जे सर्रास विकतात तो बऱ्याचदा युप्टेरस असतो, पिसासारखा उंच पाठीचा पर असलेला. सहा-आठ इंच सहज होतो आणि वयाबरोबर तापट होतो. त्यातच युरोपातल्या फार्मवरचे हायब्रिड येतात, ते किती वाढतील याचा भरवसा नाही. ओळख सोपी आहे. ल्युसिपिनिस आणि पेट्रिकोलाच्या प्रत्येक परावर काळा त्रिकोण आणि त्याला स्वच्छ पांढरी किनार हवी. किनार नसेल, ठिपके एकमेकांत मिसळलेले असतील, तर घेऊ नका. उलटा पोहणारा निग्रिव्हेंट्रिस काँगो खोऱ्यातला, मऊ पाण्यातला, शांत स्वभावाचा. म्बुनांबरोबर त्याची आबाळ होते.

मल्टिपंक्टेटस, म्हणजे कुकू कॅटफिश, दिसायला सगळ्यात देखणा. पण तुमच्या लॅबची पिल्लं हवी असतील तर त्याला दूर ठेवा. सिक्लिडची मादी अंडी तोंडात घेत असते तेवढ्यात हे मासे मध्ये घुसून काही अंडी खातात आणि आपली अंडी टाकून जातात. मादी तीही तोंडात भरते. कुकूची अंडी आधी फुटतात आणि आतली पिल्लं सिक्लिडची अंडी-पिल्लं खाऊन वाढतात. निसर्गातलं हे वर्तन १९८६ साली नोंदवलं गेलं, आणि टाकीत ते मलावीच्या मुखपालक माद्यांवरही तितकंच चालतं. ल्युसिपिनिस असलं काही करत नाही, तो अंडी दगडांत विखरून टाकतो.

शेवाळशेट

सगळे एकदम सिनोवर का गेलात? काचेवरच्या शेवाळासाठी ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस, चांगला पर्याय आहे. १२ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. मूळचा दक्षिण अमेरिकेचाच, पण पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढल्यामुळे पीएच ८ सुद्धा सोसतो. अंगावर हाडांचं चिलखत असल्यामुळे म्बुनाच्या टोचण्याने सहसा काही होत नाही. अट एवढीच की नर एकच ठेवा. चार फुटांत दोन नर एकाच बिळासाठी महिनोन्‌महिने भांडतात. आणि आणताना निदान अडीच-तीन इंची आणा. इंचभराचं पिल्लू सोडलंत तर झेब्रा त्याला सुखाने राहू देणार नाही.

खायला काकडी किंवा दुधीची चकती. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात काढून, काट्याला टोचून रात्री तळाशी ठेवा आणि सकाळी उरलेली काढून टाका. म्बुना स्वतःच शेवाळ खरवडणारे असल्यामुळे नुसत्या शेवाळावर याचं पोट भरत नाही.

दगडधोंडे

ब्रिसलनोज चालेल, नाही म्हणत नाही. पण त्याच्यासाठी लोक चघळायला लाकूड ठेवतात आणि लाकडातून टॅनिन सुटतं. केएच २ च्या पाण्यात त्याने पीएच आणखी खाली येईल. आधी पाणी दुरुस्त करा, मग हवा तर एक आणा.

टीडीएसताई

पाण्याचं मी सांगते, कारण खरी अडचण तिथेच आहे. केएच २ म्हणजे बफर नावापुरता. आत्ता पीएच ७.२ दिसतोय, पण फिल्टरमधले जिवाणू रोज केएच खातात. पाणी बदलायला एकदा उशीर झाला तर पीएच ६.५ च्या खाली घसरायला वेळ लागत नाही. मलावीला ७.८ ते ८.६ हवा. टांगानिका त्याहून वर असतो, पण ल्युसिपिनिस ८.२ ला मजेत राहतो.

हिशेब १०० लिटर पाण्याचा. केएच १ अंशाने वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा. जीएच १ अंशाने वाढवायला साधारण साडेचार ग्रॅम एप्सम सॉल्ट. तुम्हाला केएच ८ आणि जीएच ८ वर जायचंय, म्हणून नळाच्या दर १०० लिटरला १८ ग्रॅम सोडा आणि २२ ग्रॅम एप्सम. सोडा खायचा, धुण्याचा नव्हे. धुण्याचा सोडा पीएच एकदम १० कडे नेतो आणि सकाळी टाकी रिकामी करायची वेळ येते. बेकिंग पावडरही नको, त्यात आम्ल आणि स्टार्च असतो.

हे मिश्रण थेट टाकीत टाकू नका. बदलायचं पाणी ड्रममध्ये भरा, १०० लिटरला १ ग्रॅम हायपो, मग सोडा आणि एप्सम विरघळवा, एअर स्टोन लावून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी टाकीत घाला. दर आठवड्याच्या ३० टक्के बदलीत असंच करत गेलात तर पाच-सहा आठवड्यांत टाकी आपोआप वर येते आणि माशांना धक्का बसत नाही.

एप्समने फक्त मॅग्नेशियम मिळतं. कॅल्शियमसाठी कोंबडीखाद्याच्या दुकानातला शिंपल्याचा चुरा आणा, चांगला धुवा आणि जाळीच्या पिशवीत अर्धा किलो फिल्टरमध्ये ठेवा. पीएच ७.८ च्या वर तो जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या जिवावर राहू नका. पीएच घसरला तर तो सावरतो, एवढंच त्याचं काम. समुद्रावरून प्रवाळाचे तुकडे उचलून आणायची कल्पना कुणी दिली तर सोडून द्या, प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. २७ अंशाला पीएच ७.२ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम १ टक्का विषारी रूपात असतो, ८.३ ला तोच ११ टक्के होतो. म्हणजे आज जो थोडासा अमोनिया मासे सहन करतात, तोच पीएच वाढल्यावर मारक होईल. म्हणून दुसरा फिल्टर आधी लावा, सोडा नंतर. नव्या फिल्टरमध्ये जुन्यातला थोडा स्पंज ठेवा आणि चार आठवडे जाऊ द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्याशिवाय कॅटफिश आणू नका.

निळंपाणी (ठाणे)

सगळ्यांचे आभार. कॅनिस्टर बघतो. तीन शंका राहिल्या. खाली बारीक खडी आहे, ती चालेल का? लपायला जागा कशी करू, म्बुना प्रत्येक बीळ बळकावतात. आणि आणलेले मासे ड्रिप करून, म्हणजे टाकीचं पाणी त्यांच्या पाण्यात थेंबथेंब घालून, सोडायचे का?

दगडधोंडे

खडी काढा. सिनो मिशांनी तळ चाचपत खातो. धारदार कडांनी मिशा झिजतात, जखमेत संसर्ग होतो. गोल कणांची धुतलेली वाळू घाला, तीनेक सेंटिमीटरचा थर पुरे. बांधकामाची क्रश सँड नको, तिचे कण काचेसारखे टोकदार असतात. दगड आधी काचेवर बसवा, खाली थर्मोकोलचा पातळ तुकडा, आणि वाळू नंतर भोवती टाका. उलट केलंत तर म्बुना खालची वाळू उकरतात आणि एके दिवशी रास काचेवर कोसळते. आपल्याकडचा काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही. कडप्पाही चालेल, तो चुनखडीच आहे, उलट या पाण्याला बरा.

बिळांसाठी प्लंबिंगच्या दुकानातून सव्वा इंची, म्हणजे ३२ मिमी पीव्हीसी पाईप घ्या आणि १५ सेंटिमीटरचे सात तुकडे करा. मासे पाच असले तरी तुकडे सात, म्हणजे हाकलला गेलेला कुठेतरी शिरू शकेल. कडा पॉलिश पेपरने घासा. दोन्ही तोंडं उघडी ठेवा, नाहीतर आतला मासा कोंडला जातो. तुकडे दगडांच्या खाली, सगळ्यात अंधाऱ्या जागी दडपून बसवा. वाढलेला झेब्रा एवढ्याशा तोंडात सहसा घुसत नाही, आणि घुसलाच तर त्याला आत वळता येत नाही, म्हणून तो तिथे घर करत नाही.

ड्रिप कराच. दीड-दोन तास, सेकंदाला दोन थेंब.

अर्धाडोस

ड्रिपबद्दल थोडं थांबा. दुकान जवळ असेल, तासाभरात मासे घरी येणार असतील तर ड्रिप ठीक. पार्सलने रात्रभर प्रवास करून येणार असतील तर ड्रिप त्यांना मारू शकतो. बंद पिशवीत श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली येतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडून त्यात ८.२ चं पाणी थेंबथेंब घालायला लागलात की तो सगळा अमोनिया तिथल्या तिथे विषारी होतो, आणि मासा दोन तास त्यातच बसतो. टीडीएसताईंनी दिलेले आकडे इथेही लागू पडतात.

बरं, मुळात थेट मुख्य टाकीत सोडायचेच कशाला? ५० लिटरची प्लास्टिकची टब, जुन्या फिल्टरमध्ये पंधरा दिवस ठेवलेला स्पंज फिल्टर, दोन पाईपचे तुकडे, झाकण. दुकानातल्या पाण्याचा पीएच आणि टीडीएस मोजून तसंच पाणी टबमध्ये ठेवा. पिशवीचं तापमान अर्धा तास जुळवा, मासे उचलून टबमध्ये टाका, पिशवीचं पाणी फेकून द्या. मग तीन आठवडे, दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं सोड्याचं पाणी घालत टब ८.२ पर्यंत न्या. दिवसाला ०.३ पेक्षा जास्त फरक नको.

उचलायला जाळं वापरू नका. काटे जाळ्यात अडकतात, सोडवताना मोडतात, नाहीतर तुमच्या बोटात घुसतात. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्या. मासा पाईपमध्ये असेल तर पाईपच दोन्ही तोंडांना तळवे लावून उचला. पिशवीसुद्धा दुहेरी मागा, आणि दोन पिशव्यांच्या मध्ये वर्तमानपत्र.

औषधांचं आताच सांगून ठेवतो, कारण व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी रोग) आला की लोक घाबरून पूर्ण डोस ओततात. कॅटफिशला खवले नसतात, औषध जास्त शोषलं जातं. मॅलकाइट ग्रीन आणि फॉर्मलिन निम्म्या डोसने, तांब्याची औषधं अजिबात नाही. मेथिलिन ब्लू मुख्य टाकीत टाकलंत तर फिल्टरचे जिवाणू जातील, ते टबपुरतंच ठेवा. मी आधी तापमान हळूहळू ३० वर नेऊन, हवा दुप्पट करून, निम्मा डोस दहा-बारा दिवस चालवायला सांगेन. ठिपके गेले म्हणून मध्येच थांबवू नका. अंगावरचे गळून पडलेले परजीवी तळाशी वाढत असतात आणि औषध लागू पडतं ते पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेलाच.

दगडधोंडे

पार्सलबाबत मान्य. माझ्या डोक्यात जवळचं दुकान होतं.

मनीप्लांट

मधेच विचारते. माझी तीन फुटी टाकी, दोन एंजल आणि एक रॅमची जोडी. पाणी असंच मऊ. तिथे तरी कॉरी चालतील ना?

ठिपकेवाला

तिथे चालतील, जागा त्यांचीच आहे. रॅमला २८ अंश लागतात आणि बऱ्याच कॉरींना तेवढं गरम सोसत नाही, म्हणून स्टरबाय जातीचे कॉरी घ्या, सहा नग. दुकानात सगळ्यात जास्त दिसणारा पेपर कॉरी, म्हणजे पॅलिएटस, थंड पाण्यातला आहे, तो नको. वाळू बारीक हवी. पाण्याचा पृष्ठभाग झाडांनी पूर्ण झाकू नका, कॉरी वर येऊन हवा गिळतो आणि आतड्यातून ऑक्सिजन घेतो. रॅमने अंडी घातली की रात्री कॉरी ती खाणार हे धरून चाला. पिल्लं हवी असतील तर जोडी वेगळी काढा.

क्रिबेन्सिस कधी आणलेत तर मात्र कॉरींबरोबर नको. पिल्लं असलेली क्रिबची जोडी अख्खा तळ ताब्यात घेते आणि तीन फुटांत कॉरीला जायला जागाच उरत नाही.

निळंपाणी (ठाणे)

शेवटचं. खायला काय आणि कधी? म्बुनांना स्पिरुलिना पेलेट देतो, दिवसातून दोनदा. सिनोला प्रोटीन लागतं म्हणतात, पण ते म्बुनांनी खाल्लं तर ब्लोट (पोट फुगण्याचा आजार) होतो असंही वाचलं.

टीडीएसताई

दोन्ही खरं आहे, म्हणून वेळ वेगळी ठेवायची. म्बुनांचं संध्याकाळचं खाणं झालं की दिवे बंद करा. अर्ध्या-पाऊण तासाने खोलीतलाही दिवा घालवून, बुडणाऱ्या पेलेट टाकीच्या दोन्ही टोकांना, पाईपच्या तोंडाजवळ टाका. एकाच ठिकाणी टाकल्या तर सगळ्यात दांडगा मासा तिथे पहारा देतो. पाच माशांना पंधरा मिनिटांत संपेल एवढंच. साधारण ४० टक्के प्रोटीनची बुडणारी पेलेट पुरे, थोडी म्बुनांच्या पोटात गेली तरी बिघडत नाही. गोठवलेले ब्लडवर्म रोज नकोत, आठवड्यातून एकदा, तेही अंधारातच. बीफ हार्ट तर या टाकीत आणूच नका.

सिनो अंधारात खातोय की नाही हे पोटावरून कळतं. सकाळी पोट किंचित गोल हवं. आत गेलेलं पोट आठवडाभर दिसलं तर एक तर त्याला खाणं मिळत नाही किंवा पोटात जंत आहेत. आधी खाण्याची जागा बदलून बघा. उलट, म्बुना पेलेट तोंडात घेऊन थुंकायला लागला, विष्ठा पांढरी धाग्यासारखी दिसली, की ब्लोट समजा. त्याला लगेच टबमध्ये काढा, दोन दिवस उपाशी ठेवा आणि ४० लिटरला २५० मिलिग्रॅम मेट्रोनिडाझोल. पोट फुगून खवले उभे राहीपर्यंत थांबलात तर सहसा वाचत नाही.

अर्धाडोस

आणि मुख्य टाकीत सोडायचा दिवस: आधी दगड थोडे हलवा, म्हणजे म्बुनांच्या हद्दी विस्कटतात. त्यांना खायला घाला, दिवे बंद करा आणि पाचही सिनो एकाच वेळी सोडा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिवा लावू नका. दोन-तीन दिवस दिसले नाहीत म्हणून दगड उचलून शोधत बसू नका, रात्री टॉर्चवर लाल जिलेटिन लावून बघा.

उन्हाळ्यात वीज जाते ते लक्षात घेऊन बॅटरीवरचा एक एअर पंप आत्ताच घेऊन ठेवा. ३१-३२ अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो. फिल्टर तीन-चार तास बंद पडला असेल तर वीज आल्यावर कॅनिस्टर तसाच चालू करू नका. आतलं सडकं पाणी आधी बादलीत ओता, मीडिया टाकीच्याच पाण्यात विसळा, मग जोडा.